बाईंच्या वर्गात आमचं सगळं घर

मी खुर्ची बोलतेय. सरळ पाठीची, हात नसलेली, लाकडी. आणि आधीच सांगून ठेवते, मी वैतागलेली आहे. गोड गोड ऐकायचं असेल तर दिवाणावरच्या उशीकडे जा, ती सगळ्यांना बरं वाटेल असंच बोलते.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानातला. आम्ही सहा बहिणी. सहाही जणी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, बाहेरच्या खोलीत, जिथे माणसं गाल धरून बसतात. अकरा वर्षं तिथे काढली. कुणाची दाढ, कुणाची सून, कुणाची बदली, सगळं कानावर पडायचं. दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड मला तिथेच लागली, ती काही आता सुटायची नाही. पुढे डॉक्टरांनी मऊ सोफे आणले आणि आम्हाला वाटून टाकलं. मी आले शिवणकाम करणाऱ्या आईच्या घरी. आई म्हणजे त्या घरातल्या मुलीची आई. सगळे तिला आईच म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

घर लहान. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे एक चिंचोळी खोली, कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली. बाबा बेकरीत कामाला. पहाटे जातात, आठला परत येतात, भुवयांवर पीठ तसंच. आजोबा तीस वर्षं कारकुनी करून घरी बसलेले. आणि मुलगी सातवीतली. तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे, इतकी बोलायची. शाळेतून आली की चपला काढायच्या आधी निम्मा दिवस सांगून संपलेला असायचा. मला ती आवडायची. गप्प माणसं बसली की मला जड वाटतात.

मग शाळेची इमारत बंद झाली आणि वर्ग घरोघरी भरू लागले. शाळेने एक लॅपटॉप दिला आणि सोबत एक पत्र. पत्रात लिहिलं होतं, ‘सुरुवातीचे काही दिवस पालकांनी मुलांसोबत बसावे.’

झालं! आजोबांनी चष्मा लावून ते पत्र तीनदा वाचलं, त्यावर आवक तारीख घातली आणि भोक पाडून फायलीत लावलं.

“काही दिवस म्हणजे किती हो?” बाबांनी विचारलं.

“ते लिहिलेलं नाही. म्हणजे पुढचं पत्र येईपर्यंत हेच लागू.”

“आणि पालक म्हणजे कोण कोण?”

“तेही लिहिलेलं नाही. म्हणजे सगळे.”

आता काय बोलायचं अशा माणसापुढे! दुसऱ्या दिवसापासून नऊच्या ठोक्याला मी टेबलाशी, माझ्यावर मुलगी. उजवीकडे स्टुलावर आई, मांडीवर उसवायला घेतलेलं कापड. डावीकडे पिठाच्या डब्यावर बाबा, अर्धवट झोपेत. आणि मागे, माझ्या पाठीवर दोन्ही हात टेकून, आजोबा उभे. वजन कुणावर? माझ्यावर.

बाईंनी प्रश्न विचारला की मुलगी तोंड उघडायची आणि आवाज यायचा आजोबांचा. विज्ञानाचा तास असला की बाबा झोपेतून दचकून उठायचे आणि सांगायचे, “यीस्ट!” प्रश्न ग्रहांचा असला तरी. आई तोंडाने बोलायची नाही, पण हाताने पोरीची पाठ सरळ करायची, केस मागे सारायची, वहीत बोट ठेवायची. एकदा बाईंनी त्रिकोणाचं क्षेत्रफळ विचारलं. आजोबा म्हणाले, “पाया गुणिले उंची.” बाबा म्हणाले, “भागिले दोन राहिलं.” तिथून दोघांची जी जुंपली, ती बाई “मागून कोण बोलतंय?” म्हणून तीनदा विचारेपर्यंत.

सगळ्यांचा जीव आहे हो तिच्यावर, ते मला दिसतं. पण जीव लावायचा म्हणजे अंगावर चढून बसायचं का?

हळूहळू काय झालं ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरीचं बोलणं कमी झालं. आधी वर्गात, मग जेवताना. प्रश्न आला की ती बोलायचा प्रयत्नच सोडायची, माझ्या बैठकीच्या कडेला नखाने कोरत बसायची. बघा, खूण अजून आहे. महिन्याभरात रेडिओ बंद पडला आणि घरातले म्हणायला लागले, “शहाणी झाली आता, शांत झाली.” शहाणी कसली, कर्म माझं!

शेवटी बाईंचाच फोन आला. आईने आवाज मोठा करून ठेवला म्हणून मलाही ऐकू आलं.

“रागावू नका,” बाई म्हणाल्या, “पण तुमच्या घरातल्या सगळ्यांचे आवाज मी आता ओळखते. आजोबांचा खोकलासुद्धा ओळखते. फक्त तिचा आवाज मला माहीत नाही. तिला काय येतं तेच मला कळत नाहीये. शुक्रवारी प्रत्येकाने पाच मिनिटं घरातलं एखादं काम समजावून सांगायचंय. तिने स्वतः सांगितलं तर उत्तम. नाहीतर मला तिला पाचवीपासून उजळणी करणाऱ्या गटात पाठवावं लागेल.”

मुलगी दारात उभी होती. तिने ऐकलं. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, आता तरी हे लोक समजतील.

कुठले समजतायत! फोन ठेवल्याबरोबर तिघे कामाला लागले. आजोबांनी भाषण लिहायला घेतलं, ‘आदरणीय गुरुजनवर्ग’पासून सुरू. बाबा म्हणाले, “बेकरीचं सांग, पीठ कसं फुगतं ते सांग, मी लिहून देतो.” आईने त्यासाठी नवा सदरा बेतायला घेतला.

“मी तुझ्या शिवणाचं सांगू?” मुलगी हळूच म्हणाली.

“नको गं बाई,” आई दातातला दोरा न काढताच म्हणाली. “कुणाच्या बाह्या, कुणाच्या चेना, त्यात सांगण्यासारखं काय आहे? चारचौघांत काहीतरी मोठं सांगावं. आजोबा लिहितायत ना, तेच पाठ कर.”

मुलगी परत माझी कड कोरायला लागली.

शुक्रवार उजाडला. नऊला दहा कमी. आजोबा भाषणाचा कागद घेऊन, बाबा चक्क जागे, आई सदऱ्याचं शेवटचं बटण लावतेय. आणि पोरीने काय करावं? लॅपटॉप काखेत मारला, एका हाताने माझी पाठ धरली आणि मला फरफटत त्या मागच्या चिंचोळ्या खोलीत नेलं. दार लावलं. कडी घातली. गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवला आणि माझ्यावर बसली. ओढल्यामुळे माझा एक पाय डुगडुगायला लागला होता.

बाहेर एकच गोंधळ.

“अगं कागद! कागद राहिला!”

“दाराखालून सरकवा!”

“बाबा, ऐकू येतंय सगळं,” मुलगी म्हणाली. “आजोबा, कागद नको.”

तीन माणसांचा श्वास तेवढा फटीतून ऐकू येत होता.

तिचं नाव आलं. पहिलं वाक्य अडखळलं. दुसरं मध्येच तुटलं. मला वाटलं, गेलं! मग तिने बाजूच्या गठ्ठ्यातून कापडाचा एक तुकडा ओढला आणि समोर धरला.

“ही बाही आहे. अजून शिवली नाहीये म्हणून सपाट दिसतेय. ही वर टेकडी आहे ना, ती खांद्यात बसते. टेकडी उंच कापली की बाही दिसायला छान दिसते, पण हात वर करता येत नाही. टेकडी बसकी कापली की थोड्या चुण्या पडतात, पण हात वर जातो. दुकानातल्या कपड्यांची टेकडी उंच असते. माझी आई शाळेचे कपडे शिवते तेव्हा बसकी ठेवते. लोक म्हणतात चुणी पडली. आई म्हणते पडू दे, वर्गात पोरांना हात वर करायचा असतो.”

दाराबाहेर कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. आईच असणार. स्टूल तर टेबलाशीच राहिलं होतं, म्हणजे जमिनीवरच.

मग रेडिओ जो सुरू झाला! पाच मिनिटांची आठ झाली. बाईंनी थांबवलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “मग बाहीची पुढची बाजू आणि मागची बाजू सारखीच कापतात का?”

मुलीने दाराकडे पाहिलं. उत्तर दाराच्या पलीकडे होतं, एका हाताच्या अंतरावर. तिथून एक अक्षर आलं नाही. बाबांचं नाही, आजोबांचं नाही, आणि जिला ते झोपेतसुद्धा सांगता आलं असतं त्या आईचंही नाही.

“मला माहीत नाही बाई,” मुलगी म्हणाली. “आईला विचारून सोमवारी सांगते.”

“सांग,” बाई म्हणाल्या. “सोमवारीही तूच सांगायचं. उजळणीच्या गटाचं राहू दे.”

सोमवारी तिने स्वतः कडी काढून आईला आत घेतलं. “तू फक्त कापड धर. बोलायचं मी.” आई कापड धरून उभी राहिली, ओठ असे मिटून की जणू टाके घातलेत. मागची बाजू जरा जास्त सैल लागते, कारण आपण हात पुढे नेऊन काम करतो, हे पोरीने सांगितलं. आईने नुसती मान हलवली. मोठ्या माणसाला गप्प राहायला एवढे कष्ट पडतात हे मला तेव्हा कळलं.

आता मी या चिंचोळ्या खोलीतच असते. उजेड कमी आहे, माझ्या मागच्या पायाचा स्क्रू ढिला झालाय आणि घरात तीन मोठी माणसं मोकळी असून कुणी तो आवळत नाही. आजोबा म्हणे शाळेला पत्र लिहून पहिलं पत्र रद्द झालं का, ते विचारणार आहेत. विचारा, बापडे.

तुमच्याही घरी असं एखादं पोर पडद्यासमोर बसत असेल. त्याला बसायला नीट जागा द्या, दिवा द्या, हाक मारली की जा. बाकी वेळी चुकू द्या त्याला. त्याची चूक बाईंना ऐकू जाऊ द्या, त्यासाठीच तर त्या तिथे बसल्यात.

नऊ वाजत आले. ती येईल आता. चला, तुम्हीही निघा, आणि जाताना दार ओढून घ्या.