गुणवंताचा उजवा गुडघा

माझा स्वभाव तिखट आहे, हे सौंसरात कोणालाही विचारा. मी कॉलेजात खेळ शिकवतो. तिथली पोरं तोंडावर मला भैय्याजी सर म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण खोटं बोललो, असं माझ्याबद्दल कोणी म्हणत नव्हतं. छप्पन्न सालच्या ऑक्टोबरात, दिवाळी आठ दिवसांवर असताना, नागपूरहून बापूजी आले आणि ती फुशारकीही संपली.

बापूजी एका गिरणीच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर. तरुणपणी स्वतः नामांकित फॉरवर्ड होते. आमच्या कॉलेजच्या संघातून त्यांना एकच खेळाडू न्यायचा होता. गिरणीत नोकरी, राहायला खोली आणि वर्षभर फुटबॉल. आमच्याकडच्या पोरांसाठी हे म्हणजे आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. त्यातच एक नोव्हेंबरला, राज्यांच्या फेररचनेत, नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही मध्य प्रदेशात राहणार, भोपाळकडे तोंड करून. "मालकाला नाव एक तारखेच्या आत पाहिजे," बापूजी मला म्हणाले. "त्यानंतर तिकडचे कोणते नियम इकडच्या पोरांना लागतील, मला नाही सांगता येत."

मैदानात अकरा पोरं उतरणार असली तरी खरी निवड दोघांतच होती. पांढुर्ण्याच्या एका शिक्षकाचा मुलगा वसंत म्हणजे डोक्याने खेळणारा, घड्याळासारखा नेमका पोरगा. दुसरा लोधीखेड्याकडचा गुणवंता. त्याच्या घरी संत्र्याची बाग होती, पण ती दोन थोरले भाऊ सांभाळत. तिसऱ्याला तिथे काम नव्हतं आणि कामात त्याचा जीवही नव्हता. पायात चेंडू आला की मात्र तो दुसराच कोणी होई. पंधरा वर्षांत असा पोरगा माझ्या हाताखालून गेला नाही. त्याचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं. आज निवडला गेला नाही, तर त्याचा खेळ संपला.

आणि त्याचा उजवा गुडघा निकामी होत चालला होता.

धावता धावता तो गुडघा मधेच अडकायचा. मग खाली बसून, पाय वाकवून, झटका दिला की सुटायचा. हे साऱ्या संघाला माहीत होतं. संत्री तोडताना शिडीवरून पडला, असं सगळे समजत. खरी गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती, त्याला आणि मला. फेब्रुवारीत छिंदवाड्याच्या फायनलला हाफ टाइमच्या आधीच त्याचा गुडघा पिळवटला आणि कवठाएवढा सुजला. हाफ टाइमला मला एकट्याला बाजूला नेऊन तो म्हणाला, "सर, नाही होत." मी माझं उपरणं फाडून गुडघ्यावर करकचून बांधलं आणि म्हणालो, "पंचवीस मिनिटं काढ. मग जन्मभर बस." त्यानं काढली. गोलही केला. त्या फायनलला जिंकलेली ढाल प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत आहे, आणि तिच्यासोबतच्या फोटोत मी मधोमध उभा आहे. शिडीची गोष्टही त्याला मीच शिकवली.

सामना पांढुर्ण्याच्या गावसंघाशी होता. मैदानाच्या कडेला निम्मं सौंसर जमलं होतं. बापूजींना खुर्ची, पाणी, चहा, चिवडा. पोरगी पाहायला आलेल्या पाहुण्याची करावी तशी त्यांची सरबराई चालली होती. गुणवंताची आई देवकाबाई अनारशांचं ताट घेऊन आली होती. जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलून आल्याचं तिनं मला दोनदा सांगितलं.

पहिल्या दहा मिनिटांत गुणवंतानं तिघांना चकवून गोल मारला. बापूजी खुर्चीच्या टोकाला आले. त्यांची पेन्सिल चालू झाली. माझी नजर मात्र चेंडूवर नव्हती, त्या गुडघ्यावर होती. गुडघ्यावर ओढलेल्या मोज्याच्या आत पट्टी होती. ती मीच बांधली होती.

विसाव्या मिनिटाला तो थांबला. खाली बसला आणि बुटाची लेस बांधू लागला. लेस सुटलेलीच नव्हती.

"लेस सुटली वाटते," बापूजी म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

तो उठला, धावला. हाफ टाइमनंतर त्यानं दुसरा गोल करवून दिला. लोक नाचायला लागले. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना तो पुन्हा बसला, आणि या वेळी गुडघा सुटेना. मला लांबूनही दिसत होतं. लेसेशी चाळा करत तो दातओठ खात होता. तेवढ्यात चेंडू वसंतच्या पायात आला. समोर एकटा गोलकीपर, तोही पुढे सरकलेला. नुसती टोच मारली असती तरी गोल होता. वसंतनं एकदा मागे वळून गुणवंताकडे पाहिलं आणि चेंडू सरळ मैदानाबाहेर मारला. खेळ थांबला. गुणवंताला अर्धं मिनिट मिळालं.

"हे काय केलं यानं!" बापूजी चिडले आणि वसंतच्या नावापुढे त्यांनी रेघ ओढली.

आमच्याकडची रीतच अशी आहे. कोणाचं जमत असेल तर त्यात कोणी मोडता घालत नाही. पाहुणा चौकशीला आला की शेजारी, भाऊबंद, वैरीसुद्धा चांगलंच सांगतात. वसंत तेच करत होता, स्वतःची जागा घालवून. दुसऱ्या कोणाला त्याचं कौतुक वाटलं असतं. मला मात्र माझी बहीण आठवली. विजयाचं लग्न पांढुर्ण्याला लावलं, तेव्हा मी त्या गल्लीत दहा घरी चौकशी केली होती. सगळे म्हणाले, पोरगा सोनं आहे. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्याला फेफरं आलं. साऱ्या गल्लीला माहीत होतं. मी घरोघर जाऊन त्या लोकांना शिव्या घातल्या. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "भाऊ, कोणाच्या सोयरिकीत मोडता कायले घालाव?" त्या दिवसापासून मी तोंडावर खरं बोलायचं व्रत घेतलं होतं.

सामना आम्ही जिंकलो. बापूजींनी वही माझ्यापुढे धरली. एकेका नावापुढे रकाने होते: धाव, किक, डोकं, स्वभाव. गुणवंताचे सगळे भरले होते, आणि इतके वरचे गुण मी आयुष्यात कोणाला दिले नाहीत. शेवटचा, दुखण्याचा रकाना तेवढा कोरा होता.

"अंगात काही दुखणं आहे का?" बापूजींनी विचारलं. "मागच्या साली एका पोराचा खांदा लपवला गेला. पहिल्याच सामन्यात निखळला. पोरगा नोकरीतूनही गेला आन् हातानंही. म्हून आता मी मास्तरची सही घेतो."

आजूबाजूला संघ गोळा झाला होता. "काही नाही जी, घोडा आहे घोडा!" दोघं-तिघं एकदम बोलले. वसंतही म्हणाला, "साहेब, त्याले काहीच नाही." गुणवंता घामानं निथळत माझ्याकडे पाहत होता.

सही केली तर तो नागपूरला जाणार, आणि महिन्याभरात गुडघा जन्माचा जाणार. नाही केली तर इथेच राहणार.

"उजवा गुडघा," मी म्हणालो. "अडकतो. आजही दोनदा अडकला. वसंतनं चेंडू बाहेर मारला तो त्याच्यासाठी."

"सर!" वसंत ओरडलाच. देवकाबाईनं ताट छातीशी धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता तोंडावर थुंकते.

बापूजींनी वसंतच्या नावापुढची रेघ खोडली. मग विचारलं, "गुडघा कशानं गेला?"

एवढा साधा प्रश्न. आणि खऱ्याचं व्रत घेतलेला मी म्हणालो, "शिडीवरून पडला. संत्री तोडताना."

"हो का रे?" त्यांनी गुणवंताला विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नुकतंच मी त्याचं सगळं घालवलं होतं. "हाव जी," तो म्हणाला. "सर सांगून राहिले तसंच झालं."

बापूजींनी वही मिटली. "वाईट वाटते. मैदानात गेला असता तर मी मालकाशी भांडलो असतो. आमच्या दोन पोरांचे गुडघे मेडिकल कॉलेजात कापून नीट केले, दोघंही आज खेळून राहिले. पण बागेतल्या दुखण्याचा खर्च गिरणी कायले करीन?"

ते उठले. टांगा उभा होता. गुणवंतानं मान खाली घातली. पोरगा मला वाचवत होता. ज्या गल्लीला मी शिव्या घातल्या होत्या, त्या गल्लीसारखाच तो माझी अब्रू झाकत होता, आणि मी झाकून घेत होतो.

"बापूजी!" मी ओरडलो. "शिडी खोटी आहे. मैदानातच गेला. छिंदवाड्याला, फायनलमध्ये. तो नाही म्हणत होता. मी बांधून उतरवला त्याला. ढालीसाठी."

माझ्याच विद्यार्थ्यांसमोर हे बोललो. एकही पोरगा माझ्याकडे बघेना.

बापूजींनी वही पुन्हा उघडली, काहीतरी लिहिलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "आता बोलले तेच इथं लिहा, सही करा. नोकरीवर वसंत जाईन. याला एक तारखेच्या आत नागपूरला डॉक्टरकडे आणा. पाहू. शब्द नाही देत."

मी सही केली. आता देवकाबाई मला काय बोलेल ते ऐकायची तयारी ठेवून वळलो. ताट तिनं खुर्चीवर ठेवलं आणि गुणवंताकडे पाहत म्हणाली, "थोरल्यानं तुले शिडीवर चढवलं म्हून मी आठ महिने त्याले बोल लावून राहिली. भाकरसुद्धा माह्या हातानं नाही वाढली त्याले. आन् तू रोज पाहून राहिला होता."

"आई..." गुणवंता म्हणाला.

ती थांबली नाही. पदर डोक्यावर ओढून लोधीखेड्याच्या रस्त्याला लागली. गुणवंता तिच्यामागे निघाला, साऱ्या गावादेखत, पहिल्यांदाच उघड लंगडत.