तांबवाड्याची कडबाकुट्टी

मित्रांनो, मी एक जुनी कडबाकुट्टी आहे. चाक फिरवलं की माझी दोन पाती कडब्याचे बारीक तुकडे करतात. बीड जिल्ह्यातल्या तांबवाड्याच्या सहकारी सोसायटीने मला आणलं, तेव्हा गाव लहान होतं. निजामाच्या काळापासूनचा मंगळवारचा बाजार, कोरडवाहू ज्वारी आणि दारातली दुभती जनावरं, एवढ्यावर सगळं चालायचं. दिवाळी झाली की कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जायची.

माझं कौतुक चार दिवस टिकलं. "कडबा खायला जनावराला दात हायेत की," असं म्हणत लोकांनी मला गोदामात लोटलं. तिथे मी गंजत पडले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. जनावरं विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने निरोप धाडला, येत्या बाजारी ट्रक घेऊन येतो. बायनाबाईचं घर दोन म्हशींवर चालायचं. ती सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांच्याकडे गेली. गावातली सगळ्यात मोठी कडब्याची गंज त्यांचीच होती.

"म्हशी गेल्या की आमी बी कोयता घिऊन जानार," ती म्हणाली. "मंग गावात ऱ्हानार कोन?"

"माझा कडबा सगळ्या गावाला कसा पुरंल, बाई?"

"तुमचे बैल निम्मा पायाखाली तुडवतेत. ती कुट्टी कावून कोंडून ठिवली?"

मोहनरावांनी गोदामाची चावी काढून दिली. सायकली दुरुस्त करणारे खाजामियाँ आले. त्यांनी रॉकेलने माझा गंज उतरवला, पात्यांना धार लावली. बायनाबाईने चाकाला हात घातला. आधी मी लई कुरकुरले, मग फिरले. माझी पहिली पाटी मोहनरावांच्याच बैलांपुढे ओतली. एरवी गव्हाणीत कडब्याच्या जाड बुडख्यांचा ढीग उरायचा. त्या दिवशी बैलांनी गव्हाण चाटून साफ केली. मोहनरावांनी रिकाम्या गव्हाणीत हात फिरवून पाहिला.

"कडब्याची गंज उघडा," ते म्हणाले. "पाऊस पडल्यावर ज्यानं त्यानं पेंढीला पेंढी परत करायची. सोसायटी जामीन हाय."

त्यांचं बघून बाकीच्यांनीही राखलेल्या पेंढ्या बाहेर काढल्या. बाया आळीपाळीने चाक फिरवू लागल्या. बाजाराच्या आदल्या दिवशी माझं एक पातं तडकलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. ट्रक उद्यावर आला होता.

"फिकर नक्को करो, बाई," खाजामियाँ म्हणाले. "सांजच्याला फिरती का न्हाई बघा." त्यांनी ट्रकचा एक जुना कमानपाटा भट्टीत घातला आणि ठोकून ठोकून नवं पातं घडवलं. दिवस मावळायच्या आत मी पुन्हा चालू झाले.

मंगळवारी व्यापारी आला. बाजार उठेपर्यंत त्याने वाट पाहिली. एक शेपूटही त्याच्या ट्रकमध्ये चढलं नाही. रिकामा ट्रक बायनाबाईच्या दारावरून गेला, तेव्हा ती म्हशींना वैरण टाकत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि पेंढ्या परत आल्या. जगलेल्या जनावरांच्या दुधावर गावाची डेअरी उभी राहिली. दूध न्यायला गाडी येऊ लागली, गाडीसाठी रस्ता झाला, रस्त्यावर दुकानं लागली. कोयता घेऊन जाणारी कितीतरी घरं गावातच राहिली. वस्ती पाचपट झाली आणि परवा तांबवाड्याची नगरपंचायत झाली.

त्या दिवशी मला रंग देऊन कचेरीच्या दारात बसवलं. म्हाताऱ्या बायनाबाईला बोलायचा आग्रह झाला. ती माईकपुढे एवढंच म्हणाली, "गाव मोटं झालं म्हनतेत. त्या साली ते मोडलं न्हाई, म्हनून झालं." टाळ्या थांबता थांबेनात. लोखंडाचा ऊर भरून येतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी मला तसं वाटलं खरं.

मित्रांनो, साऱ्या गावाची म्हणून जी वस्तू असते, ती कोणाचीच नाही असं समजून गंजू देऊ नका. अधूनमधून तेल तेवढं घाला. फिरायचं काम आमच्याकडे लागलं.