कार्ड दोनशे बारा, रकाना पहिला

मित्रांनो, कानांत बोटं घालू नका, हा खडखडाट माझाच! सीताबर्डीच्या एका सरकारी कचेरीत एके काळी कॉम्प्युटरला जोडलेला मी म्हातारा प्रिंटर. जन्म परदेशी कारखान्यातला, पण सत्तरच्या दशकात इथे आलो आणि पक्का नागपूरकर झालो. मे महिन्यात अख्खं शहर भाजून निघायचं, माझ्या खोलीत मात्र थंडगार हवा. त्यामुळे साऱ्या कचेरीला नेमकं माझ्याशीच काम निघायचं. दसऱ्याला मला हार घालत, कुंकू लावत. फार मान होता हो मला!

एक व्यंग मात्र होतं. त्या काळी माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवरून आत जायची. एखादं कार्ड कॉम्प्युटरला कळलं नाही की तो तिथेच थांबायचा आणि मी एवढंच छापायचो, 'चूक आहे.' कुठे? कसली? राम जाणे!

या दोन शब्दांनी एका पोरीच्या तोंडचं पाणी पळवलं. पंचफुला तिचं नाव, पारशिवनीची. कार्डांना भोकं पाडायच्या कामावर महिनाभराच्या बोलीने आली होती. बोटं अशी झरझर चालत की मीसुद्धा ऐकत बसायचो. तिच्या तालुक्यातल्या काही खेड्यांना नळ द्यायचे होते, त्यासाठी घरोघरची यादी हवी होती. चौदाशे कार्डं मारली पोरीने. आत घातली. 'चूक आहे.' पुन्हा घातली. 'चूक आहे.'

साहेब मनोहरराव तापले. "शनिवारपर्यंत यादी निघाली नाही, तर सोमवारपासून यायचं नाही!"

"साहेब, कागदावर जसं हाय तसंच मारलं मी. मले काहून बोलून राहिले?" बिचारी पंचफुला म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यावर बालंट आणणारा मी, आणि मलाच त्याहून जास्त काही सांगता येईना.

पण सत्यवतीबाई होत्या ना! आमच्या प्रोग्रामर, कॉम्प्युटरसाठी सूचना लिहिणाऱ्या. तयार सूचनांच्या कार्डांचे गठ्ठे ठेवलेलं एक कपाट त्यांच्या ताब्यात होतं, त्याला 'लायब्ररी' म्हणत. कार्डं वाचून घेण्याचा गठ्ठाही त्यातलाच, सगळे तोच वापरत. बाई म्हणाल्या, "लेकरू रडलं तर कुठं दुखते ते पुसा लागते साहेब. आपला गठ्ठा नुसता रडते."

दोन दिवस खपून त्यांनी तो नव्याने लिहिला. आता पहिल्या चुकीपाशी अडून बसायचं नाही. ती टिपायची, पुढचं कार्ड घ्यायचं, आणि शेवटी सगळं सांगायचं. कितवं कार्ड, कोणता रकाना, काय हवं होतं आणि काय मिळालं.

शुक्रवारी मला कंठ फुटला. असा बोललो म्हणता! 'कार्ड २१२, रकाना पहिला. घरधन्याचं नाव हवं होतं, कोरी जागा मिळाली.' मग २१३. मग २१४. इंग्रजीत हो, पण खणखणीत. अशी छत्तीस कार्डं, आणि सगळी एकाच गावची!

मूळ फॉर्म काढले, तर तिथेही कोरंच. पंचफुलाचं एक बोटसुद्धा चुकलं नव्हतं. त्या गावी मोजणीला गेलेले भैयाजी कान खाजवत उभे राहिले. "भर दुपारी गेलो जी मी. माणसं वावरात, घरी बाया. नवऱ्याचं नाव इचारलं तं पदर तोंडाले लावून हासत. जबरदस्ती कशी करू? मागून भरू म्हटलं, राहून गेलं."

"नाव नाही सांगत बाया," पंचफुलाने पदर खोचला, "पण उखाणा तं घेतात!"

शनिवारी पहिल्या एसटीने ती गेली आणि दुपारी वही भरून परतली. माझ्यासमोर उभी राहून हसत हसत एकेक वाचू लागली.

"पेंचच्या पाण्यावर पिकला धान,
नत्थूजीचं नाव घेते, ठेवा माझा मान!"

छत्तीस घरं, छत्तीस उखाणे! भैयाजींनी तर प्रत्येक उखाण्याला टाळी दिली. कोरी कार्डं नव्याने मारून झाली, सगळी कार्डं आत गेली. माझा जीव टांगणीला लागला होता. आणि मग सुटलो! चौदाशे घरं धडाधड छापली, एकही चूक नाही. मित्रांनो, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मनोहरराव पुढे आले. "पंचफुला, चुकलो मी."

"नुसतं चुकलो नका म्हणू साहेब," सत्यवतीबाई म्हणाल्या. "कुठं चुकले ते सांगा."

साहेबांनी चष्मा पुसला. "फॉर्म न पाहता या पोरीवर ठपका ठेवला, तिथं." मग हळूच हसले. "सोमवारी ये, पोरी. आता महिन्याची बोली नाही. कायमची ये."

आज मी गोदामात धूळ खातो. येणारेजाणारे माझ्यावर चहाचे कप ठेवतात, ठेवोत बापडे. माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. कुणाची चूक दाखवाल तेव्हा बोट चुकीवर ठेवा, माणसावर नको.