बेकरीवाल्यांच्या घरचा बधना

मित्रांनो, मी बधना. तांब्याचा, तोटीचा, बसक्या पोटाचा, आणि वयानं या घरातल्या सगळ्यांपेक्षा थोरला. बधना म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी लाजू नये, मी सांगतो. नमाज पढण्याआधी हात, तोंड, पाय धुतात, त्याला वजू म्हणतात. त्या वजूचं पाणी ज्याच्या तोटीतून येतं तो मी. अल्लाहसमोर उभं राहण्याआधी माणसाला दिवसातून पाच वेळा माझ्याकडे यावं लागतं. मग मला थोडी ऐट असणारच की नाही?

एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. तोटी त्यानं तीनदा काढून पुन्हा बसवली, कारण धार जाड पडत होती. वजूला पाणी बेतानंच वापरायचं, अगदी नदीकाठी बसलात तरी उधळायचं नाही, अशी शिकवण आहे. म्हणून माझी धार बारीक. एका माणसाचा वजू माझ्या अर्ध्या पोटात होतो. प्लास्टिकचे मग आले आणि दांडे मोडून गेले, मी आपला जागच्या जागी. दर आठवड्याला राख आणि लिंबू लावून मला घासतात, तेव्हा मी असा काही लखलखतो की विचारू नका.

आमचे मालक बेकरीवाले. त्यांच्यासारखा शुक्र करणारा, म्हणजे अल्लाहचे आभार मानणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शिंक आली की अल्हम्दुलिल्लाह, म्हणजे सगळी स्तुती अल्लाहची. भट्टीतून पहिला पाव फुगून निघाला की अल्हम्दुलिल्लाह. पाव करपला तर जरा थांबून, एक सुस्कारा टाकून, पण अल्हम्दुलिल्लाहच. त्यांची बायको चिडवायची की यांना चहा गरम मिळाला तरी शुक्र आणि गार मिळाला तरी शुक्र, मग मी तो नीट करण्याचे कष्ट घेऊ तरी कशाला? त्यावर ते हसायचे आणि त्या हसण्याबद्दलही शुक्र करायचे. मला मात्र वाटायचं, या सगळ्या शुक्राची सुरुवात माझ्यापासून होते. मी नसतो तर यांचं पान हललं नसतं.

एका सकाळी त्यांनी भट्टीचं दार उघडलं आणि जाळ अंगावर आला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, अर्धा चेहरा पोळला. जीव वाचला, हेच खूप. डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या आणि बजावून सांगितलं, महिनाभर तरी पाण्याचा थेंब लागता कामा नये. जखम चिघळली तर बोटं आखडतील, मग पीठ मळणं कायमचं विसरा. मित्रांनो, बेकरीवाल्याला हे सांगणं म्हणजे काय असतं, कल्पना करा. त्यांच्या लेकीनं भट्टी हातात घेतली. दर चार-पाच दिवसांनी सकाळी कामावर जाण्याआधी ती वडिलांची पट्टी बदलायची.

अशा वेळेसाठी धर्मात सोय आहे. पाणी मिळत नसेल, किंवा पाण्यानं अपाय होणार असेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकवायचे आणि ते चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवायचे. याला तयम्मुम म्हणतात. बेकरीवाल्यांना हे लहानपणापासून पाठ होतं. शेजाऱ्याला भाजलं असतं तर त्यांनीच त्याला चार गोष्टी समजावल्या असत्या. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांचा हट्ट आडवा आला.

भर दुपारी मायलेकी बेकरीत असताना ते माझ्यापाशी आले. दातांनी पट्टी सोडली. दोन मनगटांमध्ये धरून मला कसंबसं तिरकं केलं. पाणी जखमेवर पडलं तसे त्यांचे दात आवळले गेले, डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि तरीही मी खूश होतो! एवढी आग सोसूनही हा माणूस माझ्याकडेच आला, या विचारानं मी फुगून गेलो. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी लेक पट्टी बदलायला बसली. पट्टीचं टोक ती नेहमी बाहेरच्या बाजूला खोचायची, ते आत खोचलेलं होतं आणि त्यावर दातांचे ठसे होते. तिनं पट्टी उलगडली. जखम चिघळली होती, वास येत होता. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ववत होणार नाहीत, बाकीची वाचवायची असतील तर आजपासून पाणी बंद.

डॉक्टर गेल्यावर बायको शेजारी येऊन बसली. ओरडली नाही.

ते मान खाली घालून म्हणाले, "इतकी वर्षं पाण्याशिवाय कधी उभा राहिलो नाही. अल्लाहनं माझा जीव वाचवला, आणि मी मातीवर भागवू? बरं दिसतं का ते?"

ती म्हणाली, "पाणी त्यानं दिलं, मग माती कुणी दिली? सवलत हीसुद्धा त्याचीच भेट आहे. तुम्ही ती रोज दारातून परत पाठवताय, आणि वर त्याला शुक्र म्हणताय."

बेकरीवाल्यांना रडू आलं. तिनं मातीची एक स्वच्छ, कोरडी वीट आणली. त्यावर आपले हात टेकवले, झटकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून, जखम सांभाळत, अगदी हलकेच फिरवले. मग पुन्हा टेकवून पट्ट्यांवरून फिरवले. हात तिचे, तयम्मुम त्यांचा. त्यांनी खुर्चीवर बसून नमाज पढली.

मला पालथा करून फळीवर ठेवलं. खरं सांगतो, माझा तिळपापड झाला. वीट! एवढ्या वर्षांची माझी चाकरी, आणि माझ्या जागी वीट! दोन दिवस मी घुश्शात होतो. तिसऱ्या दिवशी लेक पट्टी बदलत होती, ती उघडी जखम मी वरून पाहिली. ज्या पाण्याचा मला एवढा गर्व, त्यानंच तो हात नासवला होता. मित्रांनो, मला माझीच लाज वाटली.

जखमा भरल्या. आता बेकरीवाले पुन्हा पीठ मळतात, पूर्वीपेक्षा हळू, आठ बोटांनी. ती दोन बोटं आगीनं गेली असं कुणी हळहळलं तर ते लगेच दुरुस्त करतात, आगीनं नाही, माझ्या हट्टानं. मीही एकेचाळीस दिवसांनी फळीवरून खाली आलो. माझी मूठ त्यांना धड पकडता येत नाही, म्हणून लेक पाणी ओतते.

मित्रांनो, मिळालेलं शरीर ही ठेव आहे, ती जपा. घरात कुणी आजारी असेल आणि त्याला विश्रांती सांगितली असेल, तर ती घेण्यात त्याला कमीपणा वाटू देऊ नका. माझं म्हणाल तर मी आजही लखलखतो, आजही ऐटीत बसतो. पण या बधन्याला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा, असं विचाराल, तर फळीवर पालथा पडून, एक थेंबही न सांडता काढलेल्या त्या एकेचाळीस दिवसांचा.