डबीवरचं नाव

कस्तुरीनं डबीचं झाकण घट्ट लावलं, वरच्या पट्टीवर वेदांतचं नाव लिहिलं आणि हात दोनदा साबणानं धुतले. डबीत शी होती बकुळची.

लॅबवाल्यानं वेदांतची डबी दोनदा परत केली होती. "पतला नहीं चलेगा, बहनजी."

तीन वर्षांच्या वेदांतला लिव्हरचा आजार होता, आईबापांच्या रक्तातूनच आलेला. त्याला घट्ट शी कधी व्हायचीच नाही, मग ती आणायची कुठून? त्यात डॉक्टरांना आता म्हणे स्वादुपिंडही तपासायचं होतं, अन्न पचवणारा रस त्यातून पुरेसा येतो की नाही ते बघायला. दुखणं लिव्हरचं आणि हे नवीन खूळ कशाला, असं म्हणत कस्तुरी अगदी मेटाकुटीला आली होती. सात वर्षांची बकुळ धडधाकट, शिवाय दोघं एकाच पोटची. रिपोर्ट चांगला आला की एक कटकट तरी मिटेल.

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्यांच्या गल्लीत बकुळची भूक सगळ्यांना ठाऊक होती. वरणभातावर तूप ओतून घ्यायची आणि तासाभरात पुन्हा कचौडीसाठी हट्ट. तिचा बाप देवव्रत लाडानं तिला बकासुर म्हणायचा. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. काटक आहे पोर, म्हणायचे सगळे.

रिपोर्ट आल्यावर चौघंही डॉक्टरांसमोर बसली.

"पैंक्रियाज का रस बहुत कम है," डॉक्टर म्हणाले. "कितना भी खिलाइए, बच्चे को लगेगा नहीं. हर खाने के साथ कैप्सूल देना होगा."

"म्हणजे वेदांतचं तेही बिघडलंय?" देवव्रतनं कस्तुरीकडे बघितलं.

कस्तुरीला ती डबी आठवली. शेजारी बकुळ बिस्किटांच्या रिकाम्या पुड्यात बोट घालून चुरा चाटत होती. फ्रॉकच्या बाहीतून तिचा दंड दिसत होता. इतका बारीक कधी झाला तो?

"वज़न के हिसाब से डोज़ लिखूँगा," डॉक्टरांनी पेन उघडलं. "बच्चे को काँटे पर खड़ा कीजिए."

देवव्रत वेदांतला उचलायला वाकला. कस्तुरीनं त्याचा हात धरला.

"अहो, थांबा," ती म्हणाली. मग खाली बसून तिनं बकुळच्या चपलांचे पट्टे सोडले.