अडतीस शोधनिबंध आणि उजवा कोपरा

आज माझ्या अंगावर एकोणचाळीस कागद, त्रेचाळीस टाचण्या आणि चहाचा एक डाग आहे. चार टाचण्यांना सध्या काम नाही. मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे.

एका सुताराने मला घडवले. बाहेर लाकडी चौकट, आत मऊ पुठ्ठा, वर हिरवे कापड. "टाचणी सहज आत जावी, पण आपोआप बाहेर पडू नये," असे तो म्हणायचा. माझी सारी विद्या एवढीच. कित्येक वर्षे मी कॉलेजच्या दाराशी होतो. निकालाच्या दिवशी माझ्यापुढे मुंगीला शिरायला जागा नसे. मग सूचना फोनवर जाऊ लागल्या आणि माझी रवानगी अडगळीत, मोडक्या कपाटामागे झाली.

तिथून मला रसायनशास्त्राच्या दोन संशोधकांनी बाहेर काढून प्रयोगशाळेत खिळ्यावर टांगले. एक दादा, प्रयोगशाळेत सर्वांत जुना. दुसरी पिवळी. वाचताना ती जवळजवळ प्रत्येक ओळीवर पिवळा रंग फासायची, म्हणून हे नाव. "न रंगवलेली ओळ कुठली ते सांग, तेवढीच वाचतो," असे दादा चिडवायचा.

पिवळीला लाकडाच्या भुशाचा कोळसा करून त्याने पाण्यात मिसळलेला निळा रंग काढायचा होता. सोमवारी समितीपुढे विषय मांडायचा होता. त्यात नवे काय हे सांगता आले नाही, तर विषय बाद आणि वर्ष वाया. तिने शोधनिबंधांची पहिली पाने माझ्यावर टाचली: भुशाचा कोळसा एका रांगेत, करवंटीचा दुसऱ्या, टरफलांचा तिसऱ्या. शुक्रवारी अडतिसावा निबंध सापडला. तोच भुसा, तोच निळा रंग. त्यांनी एक्क्याण्णव टक्के रंग काढला होता.

पिवळी स्टुलावर मटकन बसली. "झालं. माझं सगळं यांनी आधीच केलंय."

तिच्या मार्गदर्शक मॅडम हात पुसत आल्या. "यांनी पाणी कुठलं घेतलं होतं?"

"पाणी?"

"कृतीचा भाग वाचलास ना, बाळा?"

दादाच म्हणाला, "मॅडम, आम्ही सारांश वाचतो आणि थेट निष्कर्षावर उडी मारतो. मधली पानं म्हणजे औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं."

"मग तीच वाचा. सगळ्यांची."

दोन दिवस पिवळीने मधली पाने वाचली. हातात या वेळी पेन्सिल होती; खूण फक्त पाण्याभोवती. मग तिने सगळे कागद उतरवले आणि पाण्याप्रमाणे पुन्हा लावले. डावीकडे शुद्ध पाणी वापरणारे पस्तीस. मध्ये मीठ घातलेले पाणी वापरणारे तीन. उजव्या कोपऱ्यात नुसते हिरवे कापड. कापड रंगवणाऱ्या कारखान्याचे खरे सांडपाणी कुणीच घेतले नव्हते.

"सापडली जागा," ती म्हणाली.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "रिकामी दिसते म्हणजे कुणी फिरकलंच नाही असं नाही. जाऊन पळून आले असतील. मधले तिघं काय म्हणतात?"

तिघांचे म्हणणे एकच होते. मीठ वाढले की कोळसा रंग कमी धरतो. खऱ्या सांडपाण्यात किती कमी, हे त्यांनी पुढच्यांवर सोडले होते.

"आणि कापडावर रंग चढवायला रंगाऱ्यांचं मिठाशिवाय पान हलत नाही," पिवळी हळूच म्हणाली.

सोमवारी तिने आणि दादाने मलाच उचलून समितीपुढे नेले. एका सदस्यांनी विचारले, "म्हणजे हे अडतीसजण चुकले म्हणता?"

"नाही सर. त्यांनी इथपर्यंत आणलं. मी इथून पुढे मोजणार."

विषय मंजूर झाला. मला पुन्हा खिळ्यावर टांगताना दादाने चौकट पुसली. मी समाधानी आहे.

मित्रांनो, माझ्यावर कागद लावाल तेव्हा टाचणी हलक्या हाताने काढा-घाला, कापड विरते. आणि दुसऱ्याचे काम टाचण्याआधी त्याची मधली पानेही वाचा. ती कुणीतरी तासन्‌तास उभे राहून, बोटे भाजून लिहिलेली असतात. अधूनमधून सगळे उतरवून नव्याने मांडा. मला त्याचा त्रास होत नाही, उलट पाठ मोकळी होते.

काल पिवळीने स्वतःचा पहिला कागद उजव्या कोपऱ्यात लावला. कारखान्याचे सांडपाणी, तीनदा मोजले. निघालेला रंग, सरासरी: त्रेसष्ट टक्के.