हक्काचं गाव

आमच्या सम्राटाच्या राज्यात माणूस कुठे राहतो याला काडीची किंमत नाही. त्याच्या बापाचं गाव कोणतं, ते महत्त्वाचं. हातपाय चालताहेत तोवर खुशाल कुठेही राहा; पण अंथरूण धरलंत, गावाच्या पावावर आलात, की पोलीस गाडीत घालून बापाच्या गावी नेऊन सोडतात. बायकांची तऱ्हा त्याहून न्यारी. लग्न झालं की नवऱ्याच्या बापाचं गाव ते तिचं.

आपोलेना आमच्याच गावात जन्मली, आमच्याच ओढ्यावर तिनं जन्मभर लोकांचे कपडे धुतले. या हिवाळ्यात बर्फावरून घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. आमचे सरपंच क्रेझा माझ्या खानावळीत बिअर पीत म्हणाले, "तिचा नवरा कोझलोव्हचा होता. तिला तिकडे पाठवायची."

"अहो, नवरा मरून जमाना झाला! तिनं कोझलोव्ह डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाहीये," मी म्हणाले.

"मग आता पाहील की, वहिनी."

ही गोष्ट म्हाताऱ्या हावेलच्या कानावर गेली. हावेल गावाचे हंस राखायचा, गावाच्या झोपडीत राहायचा आणि हिवाळाभर गावाचाच पाव खायचा. आपोलेनाशी त्याचं कधी पटलं नाही. त्याचे हंस तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर नाचायचे. त्यानं टोपी काढली आणि तिच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला.

"माझ्याशी लग्न कर. मी इथला. मग तूही इथली. क्रेझा काय वाकडं करतो बघू."

"या वयात? लोक शेण घालतील तोंडात."

"घालू देत. गाडीत बसण्यापेक्षा बरं."

लग्नाआधी ओळीनं तीन रविवार देवळात नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. पाद्रीबाबांनी पहिल्या रविवारी दोघांची नावं पुकारली. रिवाजाप्रमाणे नवऱ्यामुलाच्या गावाची चौकशी तालुक्याच्या कचेरीत केली आणि तिथेच माशी शिंकली. हावेलचा बाप मेंढपाळ होता, मोरावियातल्या ओल्शांकाहून आलेला. म्हणजे तालुकाच नव्हे, जिल्हाच नव्हे, इलाखाच दुसरा!

"पण माझा जन्म इथला!" हावेल क्रेझांना म्हणाला. "याच देवळात नाव ठेवलंय माझं."

"जन्माला कोण विचारतो? इतकी वर्षं परक्या गावच्या माणसाला पोसलं आम्ही," क्रेझा म्हणाले. चांगले खुशीत होते. एका दगडात दोन पक्षी मिळाले होते ना! मला त्यांच्या डोक्यात बिअरचा मग घालावासा वाटला. हावेल गप्प बसला असता तर मरेपर्यंत कुणी त्याला उठवलं नसतं. दुसऱ्याचं घर वाचवायला गेला आणि स्वतःचंच घालवून बसला.

तोवर आपोलेनाला मी माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवली होती, चुलीजवळ ऊब म्हणून. हावेल दारातच उभा राहिला. आत यायची त्याला लाज वाटत होती.

"लग्न मोडलं म्हणून सांगतो पाद्रीबाबांना," तो म्हणाला. "तू कोझलोव्हलाच जा. तिथली बोली तरी आपली. ओल्शांका फार लांब आहे, आणि डोंगरात थंडी मरणाची."

"मूर्खा, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" ती ओरडली, आणि मग रडायलाच लागली. मी बटाटे सोलत होते, ते तसेच राहिले.

थोड्या वेळानं तिनं रुमालानं नाक पुसलं. "कोझलोव्हात मला कोण ओळखतं?"

"कुणी नाही. पण ओल्शांकात तरी कोण ओळखतं?"

"तू आहेस ना."

हावेल आत आला आणि त्यानं चुलीत लाकूड सारलं.

शेवटच्या रविवारची पुकार झाली आणि सोमवारी त्यांचं लग्न लागलं. मंगळवारी पोलीस आला आणि दोघं एकाच गाडीतून ओल्शांकाला गेली.